तीन चाकांचा वारसा

पुतण्याने जुन्या मोटारींच्या मेळाव्याचा फोटो पाठवला. चकचकीत मर्सिडीज आणि खाली ओळ : 'काका, जर्मन वारसा!'

गाडी देखणीच. पण मंडळी, आपल्या बोलीत शिरलेला जर्मन वारसा वेगळाच आहे. तो म्हणजे टेम्पो!

'टेम्पो' हे हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं नाव. महायुद्धानंतर तिने हॅन्सिएट ही तीनचाकी काढली. बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून ती आपल्याकडे आणली. आमच्या भंडारा जिल्ह्यात तिने धानाची पोती वाहिली, वऱ्हाडंही वाहिली. पुढच्या चाकावर टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, प्लग घासा, सायलेन्सरमधला कार्बन खरवडा. मिस्त्री हे सगळं रस्त्याकडेला उकिडवा बसून करायचा.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना 'विंटेज' नोंदणी मिळते. तीनचाकीचं त्यात नावच नाही! हौसेने फिरली तिला मान, जन्मभर राबली तिला भंगार. हा कुठला न्याय?

ती धूर ओकायची, मान्य. तिने पुन्हा माल वाहावा असं मी म्हणतच नाही. मेळाव्यातली मर्सिडीज तरी रोज कुठे धावते?

माझं मागणं साधं आहे. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये एक चालू हॅन्सिएट ठेवा, आणि तिच्याजवळ एखादा म्हातारा मिस्त्री, शिकवायला. सुटा भाग लेथवर पुन्हा घडवता येतो. मिस्त्रीचा हात घडवता येत नाही.

पुतण्या, आता तुझं उत्तर येऊ दे.