ऐकीव न्याय

आमच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक चमत्कारिक न्यायपद्धति रूढ झाली आहे. आरोपीस समोर बोलवावयाचें नाहीं, पुरावा पाहावयाचा नाहीं, आणि निकाल मात्र उभ्या उभ्या द्यावयाचा! मुलांच्या मोबाईलवर ‘चॅलेंज’ या नांवाखालीं जे व्हिडिओ येतात, त्यांच्यासंबंधानें आईबापांचा न्याय हा असा चालतो. शाळेच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर जो गट असतो, त्यांत रात्रीं दहाच्या सुमारास एक संदेश येतो. त्यांत एका नव्या आव्हानाचें नांव असतें, चार उद्गारचिन्हें असतात, कोणा अनाम डॉक्टरांचा हवाला असतो, आणि शेवटीं ‘प्रत्येक पालकापर्यंत पोंचवा’ अशी आज्ञा असते. आज्ञा तत्काळ पाळिली जाते. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं मुलास विचारणा होते, ‘तूं तें अमुक चॅलेंज पाहतोस का रे?’ मूल ‘नाहीं’ म्हणतें. बहुधा तें खरेंच असतें. आणि प्रकरण निकालांत निघतें. आदल्या संध्याकाळीं त्यानें प्रत्यक्ष काय पाहिलें, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं.

या रीतीनें मुलांचें रक्षण होतें असें मानणारांशीं आमचा वाद आहे. जो व्हिडिओ आपण स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला नाहीं, तो मुलास योग्य कीं अयोग्य हें ठरविण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं. नांवावरून दिलेला निकाल अन्याय्य तर असतोच; परंतु त्याहून वाईट हें कीं, तो निरुपयोगी असतो.

२०१७ सालचें ‘ब्लू व्हेल’चें प्रकरण वाचकांच्या स्मरणांत असेलच. मुंबईंतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशीं त्या खेळाचें नांव जोडलें गेलें, आणि पंधरा दिवसांत देशभर हलकल्लोळ उडाला. ऑगस्टांत केंद्र सरकारनें या खेळाचे दुवे काढून टाकण्यास इंटरनेट-कंपन्यांना फर्माविलें; शाळाशाळांतून सूचना निघाल्या. पुढें जानेवारी २०१८ मध्यें लोकसभेंत सरकारकडूनच उत्तर आलें कीं, नेमलेल्या समितीनें ज्या घटना तपासल्या त्यांपैकीं एकीचाहि या खेळाशीं संबंध सिद्ध होऊं शकला नाहीं. हें उत्तर किती पालकगटांत फिरलें? आमच्याकडे तरी तें कोणीं पाठविलें नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत इंग्लंडांत ‘मोमो’ची अशीच आवई उठली व ती येथवर येऊन पोंचली. डोळे वटारलेलें तें विद्रूप तोंड म्हणजे वस्तुतः जपानांतील एका कलाकारानें २०१६ सालीं केलेली पक्षिणीची मूर्ति. ती कुजल्यामुळें आदल्या वर्षींच फेंकून दिली गेली होती. मुलांच्या हितासाठीं झटणाऱ्या तेथील संस्थांनीं बजावून सांगितलें कीं, या आव्हानामुळें कोणास इजा झाल्याचा पुरावा नाहीं. तोंपर्यंत तें चित्र काळजीपोटींच घरोघर पोंचलें होतें.

यांत मौज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. एखादें मूल कित्येक महिने उदास असतें, अन्नावरून उठतें, मित्रांत मिसळत नाहीं. त्याच्या दुःखाचें मूळ घरांतल्या बोलण्यांत असेल, परीक्षेच्या धास्तींत असेल, कदाचित् औषधोपचार मागणाऱ्या आजारांत असेल. ‘कोठल्याशा खेळानें त्याला झपाटलें’ असें एकदां म्हटलें कीं, या सर्व शोधांतून घरची मंडळी, शाळा व डॉक्टर एकाच वेळीं मोकळीं होतात. पूर्वीं झपाटण्याचें काम पिंपळावरचा मुंजा करी. आतां तें देवमाशाकडे आलें आहे, इतकाच फरक.

बरें, नांवावरून निरपराध्यास फांशीं होते म्हणावें, तर खरा अपराधीहि नांवाच्याच आडून सुटतो. २०१४ सालीं बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याचें आव्हान निघालें. एएलएस या मज्जातंतूंच्या रोगाच्या संशोधनासाठीं व रुग्णांच्या साह्यासाठीं त्यांतून अमेरिकेंतील एका संस्थेस सुमारें साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. आपल्या हैदराबादेंत त्याच वर्षीं पाण्याऐवजीं बादलीभर तांदूळ गरजूस देण्याची टूम निघाली, तीहि स्तुत्यच. परंतु त्याच ऑगस्ट महिन्यांत केंटकी राज्यांत कॉलेजच्या मुलांवर पाणी ओतण्यासाठीं अग्निशामक दलाची उंच शिडी वापरण्यांत आली, ती विजेच्या तारेजवळ गेली, दलाचे चार लोक जखमी झाले व त्यांतील एक पुढें दगावला. आव्हान तेंच, हेतुहि तोच. जागा तेवढी निराळी. तसेंच २०१८ सालच्या ‘किकी’ नृत्याचें. एका कॅनेडियन गायकाच्या गाण्यावर चार पावलें नाचण्यांत पाप तें कोणतें? पण तें चालत्या गाडीच्या बाजूस नाचावयाचें होतें. मुंबई पोलिसांनीं जुलैंत इशारा दिला. ऑगस्टांत विरार स्थानकावर लोकलच्या दारांतून उतरून नाचणाऱ्या तिघां तरुणांस रेल्वे न्यायालयानें तीन दिवस वसईचें स्थानक झाडण्याची शिक्षा दिली. (शिक्षा आम्हांस फार आवडली.) नाच दिवाणखान्यांत झाला असता, तर शेजारच्या आजोबांनींहि टाळ्या दिल्या असत्या.

तेव्हां न्याय करावयाचा तो कृतीचा. ती जेथें घडते त्या जागेचा. आणि जो ती करणार त्या मुलाचा. हा तिसरा भाग सर्वांत अधिक विसरला जातो. अमेरिकेंत ‘पाकी’ नांवाची कंपनी शवपेटीच्या आकाराच्या खोक्यांत जहाल मिरच्यांची एकच चकती घालून विकीत असे, आणि ती खाऊन पाणी न पितां किती वेळ राहतां हें विचारीत असे. सप्टेंबर २०२३ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतला एक १४ वर्षांचा मुलगा ती खाल्ल्यावर मरण पावला, व कंपनीनें माल परत घेतला. शवचिकित्सेंत जहाल तिखट पोटांत गेल्यानंतर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद झाली, आणि त्याचें हृदय वाढलेलें असल्याचीहि झाली. व्हिडिओंत चकती खाऊन डोळे पुसणाऱ्या इसमास पाहणाऱ्याच्या हृदयाची काय खबर? कोणत्या मुलाला दमा आहे, कोणाला घेरी येते, कोण मित्रांपुढें ‘नको’ म्हणूं शकत नाहीं, हें आईबापांनाच ठाऊक. ‘हा व्हिडिओ दहा वर्षांच्या मुलांस चालेल काय?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे.

पैज लावणें हें कांहीं मोबाईलनें शिकविलेलें नव्हे. सूरपारंब्या खेळतांना हात मोडून घेतलेलीं, पैजेवर विहिरींत उड्या टाकणारीं मुलें आमच्या पिढींत घरटीं एक होतीं. दहीहंडी ही तर आमची राजमान्य पैज. बक्षिसें वाढलीं, कॅमेरे आले, तसे थर चढत गेले. अखेर प्रकरण न्यायालयांत जाऊन, १४ वर्षांखालील मुलांस थरांत चढवूं देणार नाहीं असें राज्य सरकारनें २०१७ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत सांगितलें. परंतु हंडीच्या खालीं निदान झेलणारे हात असतात. विहिरीच्या कांठावर कोणीतरी पोहणारा असे, आणि ‘अरे, याला पोहतां येत नाहीं, याला चढवूं नका’ असें म्हणणारा एखादा सदू वाडींत असेच. व्हिडिओच्या पैजेंत हा सदू नाहीं. पाहणारे लाख, पण ओळखणारा एकहि नाहीं. शिवाय समोर येतो तो यशस्वी प्रयत्न; आधींचे फसलेले बारा प्रयत्न, अंथरलेली गादी, जवळ उभा असलेला मदतनीस, हें सर्व कापून टाकिलेलें असतें. मुलाशेजारीं बसून जो बाप ‘यांतलें काय दाखविलें नाहीं असें तुला वाटतें?’ एवढेंच विचारील, त्यानें दहा बंद्यांचें काम केलें असें आम्ही समजूं. मुलें या प्रश्नांत फार तरबेज असतात, आपल्यापेक्षां अधिक.

स्वयंपाकघरांतल्या वस्तूंनीं तर शहाणींसुरतीं माणसें फसतात. चमचाभर दालचिनीची पूड पाण्यावांचून गिळण्याचें आव्हान २०१२ च्या सुमारास फार चाललें. रोज चहांत पडणारा तो जिन्नस. त्याला कोण भिणार! पण कोरडी पूड घशांत चिकटते, ठसका लागतो, आणि श्वासाबरोबर ती फुफ्फुसांत गेली तर तिच्यांतील काष्ठमय अंश तेथें विरघळत नाहीं; सूज येते. जेथें श्वास, घसा, रस्ता, रूळ, उंची, आग किंवा औषध यांचा संबंध येतो, तेथें ‘एकदां करून पाहूं’ याला जागाच नाहीं, कारण चूक झाल्यास दुसरी खेळी मिळत नाहीं. उलट, पाण्याची अर्धी भरलेली बाटली हवेंत फिरवून टेबलावर उभी करण्याचा जो छंद २०१६ सालीं पसरला, त्यानें खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या शांतीखेरीज कशाचीहि हानि झाली नाहीं. तो बंद पाडण्यासाठीं ‘धोकादायक’ हा शब्द खर्चणाऱ्या आईनें तो शब्द पुढच्या वेळेसाठीं नासविला.

आणखी एक कसोटी आम्ही हट्टानें लावूं: ज्याच्यावर हंसावयाचें त्याची संमति होती काय? २०२३ सालीं कांहीं आईबापांनीं स्वतःच्या दोन-तीन वर्षांच्या लेंकरांच्या कपाळावर अंडें फोडून त्यांच्या रडवेल्या चेहऱ्याचे व्हिडिओ जगापुढें मांडले. स्वयंपाकांत मदत करावयास म्हणून त्या पोरास बोलाविलें होतें! कोणाचेंहि हाड मोडलें नाहीं हें खरें. पण आईनें विश्वासानें बोलवावें आणि फसवावें, व त्यावर लोकांनीं हंसावें, हें पाहून सहा वर्षांचें मूल काय शिकतें? धाकट्या भावावर, रस्त्यावरच्या कुत्र्यावर, दारीं आलेल्या म्हाताऱ्यावर तोच प्रयोग करावयास तें शिकतें. हे व्हिडिओ ‘निरुपद्रवी’ या सदरांत खपतात, म्हणून त्यांच्याविषयीं आम्हांस विशेष राग आहे.

‘कंपन्यांनीं गाळून द्यावें, सरकारनें बंदी घालावी,’ असें कित्येक म्हणतात. घालावी कीं! यूट्यूबनें २०१९ सालीं घातक आव्हानांविरुद्ध आपले नियम अधिक स्पष्ट केले; आपल्या सरकारनें टिकटॉक २०२० च्या जूनांत बंदच केलें. त्याच वर्षीं तसलेच आंखूड व्हिडिओ इन्स्टाग्राम व यूट्यूब यांवर येऊन बसले. तेरा वर्षांखालील मुलानें इन्स्टाग्रामवर खातें उघडूं नये असा नियम आहेच. पण नऊ वर्षांच्या मुलाचें जन्मसाल चार वर्षें मागें ढकलून तें खातें उघडून देणारा हात पुष्कळदां बापाचाच असतो, आणि कंपनीच्या नांवानें सर्वांत मोठ्यानें ओरडणारा गळाहि त्याचाच.

श्वास कोंडून ग्लानि आणण्याचा जो एक भयंकर प्रकार आहे, त्यासंबंधानें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २००८ सालीं एक टिपण प्रसिद्ध केलें. १९९५ ते २००७ या काळांत त्यापायीं ६ ते १९ वर्षांच्या ८२ मुलांचा मृत्यु झाला असावा, असें त्यांत नमूद आहे. यूट्यूबचा जन्म २००५ सालचा, म्हणजे त्यांतील बहुतेक वर्षें हा खेळ मुलामुलांच्या तोंडींच फिरत होता. ज्या ४२ प्रकरणांत पुरेशी माहिती मिळाली, त्यांपैकीं ३९ प्रकरणांत, असा कांहीं प्रकार असतो हें आईबापांना मुलाच्या मृत्यूपूर्वीं माहीतच नव्हतें. मुलांना माहीत होतें. वर्गांतल्या सोबत्यांना माहीत होतें.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शेजारीं बसून व्हिडिओ दाखवणार नाहीं, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला तसें बसविण्याचा प्रयत्नहि करूं नये. त्याच्यापाशीं दुसऱ्यांविषयीं बोलावें: ‘तुमच्या वर्गांत हल्लीं काय चाललें आहे? कोणीं करून पाहिलें?’ स्वतःविषयीं जें तो सांगणार नाहीं, तें मित्राविषयीं सांगतो. सांगितल्यावर लगेच मोबाईल काढून घेऊं नये, शाळेंत फोन करूं नये, आणि त्यानें सांगितलेली गोष्ट रात्रीं दहा वाजतां पालकांच्या गटांत टाकूं नये. मित्राच्या जिवास धोका दिसला तर त्याच्या आईबापांस सांगावेंच लागेल. पण तें आपल्या मुलाला आधीं कळवून, आणि शक्य तर त्याला बरोबर घेऊन.