बिनगिअरची स्कूटर चढ कसा चढते?

बालमित्रांनो, कामरगावात बिनगिअरची स्कूटर तुम्ही पाहिलीच असेल. १९८४ साली पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी हात मिळवला नि अशी स्कूटर आपल्याकडे आली. मग गिअर बदलतो कोण? पुढच्या पुलीतले छोटे रोलर! इंजिन जोरात फिरले, की जत्रेतल्या गोल पाळण्यासारखे ते बाहेर सरकतात. पुलीच्या तबकड्या जवळ येतात, पट्टा काठाकडे चढतो नि वेग वाढतो. रोलर हलके बसवले, तर पट्टा उशिरा चढतो. चढावर जोर मिळतो, पण इंजिन ओरडते. जड बसवले, तर उलट. झिजले, तर गाडी गचके खाते. बर्फावरच्या स्नोमोबाईलमध्येही वजनांचीच युक्ती असते. मिस्त्रीकाका पुली उघडतील तेव्हा जरूर पाहा. पण इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ बोट न्यायचं नाही हं!