डोंगरचढीचें वाहन

गेल्या फाल्गुनांत माझी भाची नागभीडहून मुद्दाम चंद्रपुरास भेटावयास आली. सोबत तिचा मुलगा होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. चहा होतांच ती म्हणाली, “मामा, याला तुम्हीच समजावा. यांच्यामागें जी ठेव राहिली आहे, तींतून याला ती चार चाकांची क्वाड-बाईक घ्यावयाची आहे. म्हणतो, डोंगर चढवीन.” मुलगा म्हणाला, “आजोबा, समजावूं नका. कोणती घ्यावी तेवढेंच सांगा.” आईला माझ्या तोंडून नकार हवा होता आणि मुलास गाडीचें नांव. ज्याचा जन्म वर्गांत गेला त्याला ठाऊक असतें कीं, कारण न सांगतां दिलेला नकार मुलगा उंबऱ्याबाहेर पडेपर्यंतच टिकतो. म्हणून मीं आठ दिवसांची मुदत मागितली आणि विद्यार्थ्यासारखा या विषयास बसलों. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. कारण हा प्रश्न आतां पुष्कळ घरांत येऊं लागला आहे.

ज्यांनीं हें वाहन पाहिलें नसेल त्यांनीं लोणावळें, पांचगणी किंवा कोंकणचा किनारा येथें हौशी प्रवाशांस भाड्यानें मिळणाऱ्या गाड्या आठवाव्या. घोड्यावर बसावें तसें खोगिरावर बसावयाचें, हातांत मोटारसायकलीसारखें हँडल, वेग वाढविण्यास उजव्या अंगठ्याखालीं एक खटका, आणि खालीं चार फुगीर चाकें. मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास सुमारें ३० पौंड दाबाची हवा असते. यांत ती बहुधा ४ ते ६ पौंडच भरतात. त्यामुळें टायर दगडावर दबतो, भुसभुशीत मातीवर पसरतो आणि मोटारसायकल जेथें रुतते तेथून पार होतो.

या वाहनाचा इतिहास थोडा पण बोधप्रद आहे. होंडा कंपनीनें १९७० सालीं तें तीन चाकांवर बाजारांत आणिलें. तीन चाकांची गाडी वळणावर कलंडे. अपघात इतके झाले कीं, १९८८ सालीं अमेरिकेंत सरकार व कारखानदार यांच्यांत न्यायालयासमक्ष करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तोंवर सुझुकीनें चार चाकांची गाडी काढली होती, आणि १९८५ सालीं तिनें शर्यतीसाठीं २५० घनसेंटिमीटरची हलकी व वेगवान गाडीही आणिली. ‘स्पोर्ट क्वाड’ म्हणतात ती याच वंशांतली.

म्हणजे क्वाडच्या दोन जाती झाल्या. एक कामकरी. ती वजनानें बहुधा ३०० किलोंच्या आसपास किंवा वर, चारही चाकांना शक्ति मिळणारी, पट्ट्यावर आपोआप वेग बदलणारी, आणि ओझें ओढण्याकरितां एक अगदीं मंद गिअर असलेली. दुसरी क्रीडेची. ती २०० किलोंच्या आंत, क्लच व गिअर हातापायांनीं चालवावयाची, आणि शक्ति केवळ मागच्या दोन चाकांना सांखळीनें पोंचणारी. हीं दोन चाकें एकाच अखंड आंसावर बसविलेलीं असतात, म्हणून दोन्ही सारख्याच फेऱ्या घेतात. सरळ चढावर यानें पकड चांगली मिळते. पण वळतांना आंतलें चाक घसरल्यावांचून गाडी वळत नाहीं. स्वारास सारखें अंग पुढेंमागें, डावीउजवीकडे झोकावें लागतें. त्याचें शरीर हाच त्या यंत्राचा अर्धा तोल होय. मागें कोणी बसलें तर तें झोकणें अशक्य होतें. ही एकट्याची गाडी आहे. मित्रास मागें घेणें हा स्नेह नव्हे.

मुलानें एका कागदावर यामाहाच्या ‘रॅप्टर ७००’ या गाडीचें नांव लिहून आणिलें होतें. तिचें इंजिन ६८६ घनसेंटिमीटरचें आहे. मीं म्हटलें, एवढी शक्ति कशास? तो म्हणाला, चढावर लागते. यांत अर्धें सत्य आहे. चढास वेग नको, ओढ हवी. म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांत असतांनाही त्यानें चाक नेटानें फिरवावें. ती ओढ चार-स्ट्रोक, एक-सिलिंडरच्या इंजिनांत स्वभावतःच असते. दोन-स्ट्रोकचें शर्यतीचें इंजिन फेऱ्या वाढल्या म्हणजे एकदम उसळतें, आणि ऐन चढावर पुढलें अंग उचलूं शकतें. शिवाय उतरतांना खालच्या गिअरांत ठेवलेलें चार-स्ट्रोक इंजिन स्वतःच गाडीस मागें धरतें. दोन-स्ट्रोकमध्यें हा आधार फार थोडा. म्हणून माझा पहिला नियम असा कीं, डोंगराची गाडी चढावर निवडूं नये, उतारावर निवडावी. वर नेणारीं यंत्रें पुष्कळ आहेत. खालीं सुखरूप आणणारें शोधावें.

आठव्या दिवशीं आम्ही तिघें त्यांच्या शेतावर गेलों. नागभीडकडे पेरजागडाचा, म्हणजे सातबहिणींचा डोंगर प्रसिद्ध आहे. तसल्याच एका लहान टेकडीच्या पायथ्याशीं हें शेत आहे. मीं शाळेंतला जुना कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा बरोबर घेतला होता. गुरांच्या वाटेनें थोडें वर जाऊन मीं मुलास विचारलें, “हा चढ किती अंशांचा?” तो म्हणाला, “पंचेचाळीस तरी असेल.” मोजला तों चोवीस भरला. डोळा चढास नेहमींच फुगवून पाहतो. घरांतला जिना सहसा तीस अंशांहून अधिक असतो, आणि तोच जिना मोकळ्या रानांत ठेवला तर आपणांस कडा वाटेल.

मुलगा हर्षानें म्हणाला, “मग तर सहज जमेल!” मीं त्यास कारखानदारांच्या पुस्तिका दाखविल्या. कांहीं २५ अंशांपलीकडे जाऊं नये असें सांगतात, तर कांहीं १५ अंशांवरच थांबवितात. २५ अंश म्हणजे शंभर पावलें आडवें गेल्यास सुमारें ४७ पावलें उंच. १५ अंश म्हणजे सुमारें २७. नंतर त्याला तेथेंच वळून खालीं पाहावयास सांगितलें. पायाखालीं सुटा मुरूम होता, आणि चढतांना न दिसलेली घळ उतरतांना स्पष्ट दिसत होती. मीं विचारलें, “येथें इंजिन बंद पडलें तर काय करशील?” तो म्हणाला, “गाडी वळवून खालीं आणीन.” हेंच करूं नये. चढावर आडवी झालेली गाडी कुशीवर लोळते. मागें घसरूं लागली असतां नुसता मागचा ब्रेक दाबला तर ती स्वारासकट मागें उलटते. अशा वेळीं अंग पुढें झोकावें, पुढला ब्रेक धरावा, गाडी थांबतांच चढाच्या बाजूस उतरावें आणि मग शांतपणें विचार करावा. ज्यास हें सपाटीवर शंभर वेळां करून अंगवळणीं पडलेलें नाहीं, त्यानें चढाचें नांव काढूं नये.

मग आमच्या मुलखाचे गुणदोष आले. येथील वैशाखांत पारा ४६ अंशांवर चढतो, आणि मंद चढावर वारा लागत नसल्यानें केवळ हवेनें थंड होणारें इंजिन लवकर तापतें. पाण्यानें थंड होणारें व पंखा असलेलें घ्यावें. वेळू तोडल्यावर जे तिरके खुंट राहतात, ते कमी दाबाच्या टायरांत भाल्यासारखे शिरतात. म्हणून टायर जाड पदरांचे हवेत आणि हवा भरण्याचा पंप जवळ हवा. सर्वांत मोठी गोष्ट आगीची. फाल्गुन-चैत्रांत सागाच्या वाळल्या पानांचा घोट्याएवढा थर पडतो. तापलेली धुराची नळी त्या पानांस लागली, किंवा तींतून ठिणगी उडाली, तर क्षणांत वणवा पेटेल. ठिणगी अडविणारी जाळी नळींत असलीच पाहिजे. आणि ती असूनही पाचोळ्यावर गाडी उभी करूं नये.

एवढें बोलून होतें तों खालच्या मोहाखालीं तीन बायका दिसल्या. दोघी वांकून फुलें वेंचीत होत्या. तिसरीच्या हातीं टोपली होती, पण ती वेंचीत नव्हती. झाडाशीं पाठ लावून नुसती उभी होती. भाचीनें तिला हांक मारून विचारपूस केली, तेव्हां ती हळू आवाजांत म्हणाली, “जरा हळू बोला जी, आयकू येत नाई.” ती वाघाची चाहूल घेत होती. वांकलेल्या माणसावर वाघ धांवून येतो; मोहाच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यांत अशीं माणसें मेल्याच्या वार्ता दरवर्षीं येतात. दोघींचे हात आणि तिसरीचे कान, अशी त्यांची ती वांटणी होती.

मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं. सातशें घनसेंटिमीटरचें इंजिन या उतारावर गर्जत असतें तर त्या बाईच्या कानांचें काय झालें असतें, हें त्याला माझ्याकडून शिकावयाची गरज नव्हती.

परततांना त्यानें स्वतःच कायद्याची गोष्ट काढली. मीं वाचलें होतें तें सांगितलें. मोटारवाहन कायदा, १९८८ अन्वयें सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या मोटारवाहनास नोंदणी लागते, आणि क्रीडेच्या क्वाडला ती मिळत नाहीं. पोलॅरिस या अमेरिकन कंपनीनें २०२१ सालीं आपल्या एका कामकरी गाडीस शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळवून ती रस्त्यावर आणिली. यावरूनच काय तें समजावें. म्हणजे घरापासून शेतापर्यंत ही वेगवान गाडी टेंपोंत घालून न्यावी लागणार. राखीव वनांत शिरण्यास भारतीय वन कायदा, १९२७ आडवा येतो आणि अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि नागभीडजवळचें घोडाझरीही २०१८ सालीं अभयारण्य झालें. गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवास तर २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; तेथें वाट मागावयाची ती ग्रामसभेजवळ. रान ओसाड दिसलें तरी तें निर्मालक नसतें.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ हरणामागें धांवत असतो. मध्येंच वेग मंदावतो, तेव्हां सारथि सांगतो कीं, जमीन खांचखळग्यांची होती म्हणून मीं लगाम आंवरला. पुढें तपोवन लागतांच राजा रथ थांबवितो, धनुष्य व अलंकार सारथ्याजवळ देतो आणि पायीं आंत जातो. अनेक वर्षें हा अंक शिकवितांना मीं हरणाचें वर्णन रंगवून सांगे, आणि ह्या दोन गोष्टी घाईनें ओलांडून जाई. कोठें आंवरावें आणि कोठें उतरावें, एवढें कळलें म्हणजे वाहन शोभतें, हें त्या दिवशीं मोहाखालीं माझ्याही ध्यानांत आलें.

ज्यांची स्वतःची मोठी पडीक जमीन आहे व ज्यांस ही हौस पुरवावयाचीच आहे, त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. प्रथम जमीन पायीं चालून ओळंब्यानें मोजावी. नवशिक्यानें २५० घनसेंटिमीटरच्या आसपासची चार-स्ट्रोक गाडी घ्यावी. सातशेंच्या वाटेस जाऊं नये. दोन्ही पाय रिकिबींत ठेवून उभें राहतां येईल आणि हँडल पूर्ण वळवितांना अंगठा खटक्यावरून सुटणार नाहीं, हें बसून पाहावें. सुटे भाग नागपुरास तरी मिळतात कीं नाहीं याची खात्री करावी. ९० घनसेंटिमीटरवरील गाडी सोळा वर्षांच्या आंतील मुलास देऊं नये, असा अमेरिकेंत पूर्वीं दंडक होता. तो आपणही पाळावा. शिरस्त्राण, हातमोजे व घोट्यावरचे बूट यांचा खर्च गाडीच्या किंमतींतच धरावा. आणि ज्यास वर्षांतून चार दिवसच बसावयाचें आहे, त्यानें आंखलेल्या मैदानावर भाड्यानेंच चालवावी.

शेताच्या कडेनें चालतांना मुलगा मनांतल्या मनांत पावलें मोजीत होता. बांधाशीं येऊन थांबला आणि हंसून म्हणाला, “आजोबा, आपली स्वतःची वाट सहाशें चाळीस पावलें भरली. त्यांतही चढ नाहीं.” टेकडीचा चढ सुरू होतो तो वनखात्याच्या खांबापलीकडे. मीं विचारलें, “मग कागदावरचें नांव?” त्यानें कागद घडी करून खिशांत घातला, फाडला नाहीं. फाडावा असें मलाही वाटलें नाहीं. हौस ही कांहीं अपराध नव्हे.

त्यानंतर त्याचें एक पत्र आलें. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः बांधलेल्या रानगाड्यांची ‘बाहा’ नांवाची स्पर्धा आपल्या देशांत २००७ पासून भरते. इंदुराजवळ पीथमपूर येथें ती पुष्कळ वर्षें भरली. तींत एक परीक्षा चढाचीच असते. त्याच्या महाविद्यालयांतील मुलें अशी गाडी बांधण्याच्या खटपटींत आहेत, आणि हा त्यांच्यांत सामील झाला आहे. त्याच्याकडे काम आलें आहे तें ब्रेकांचें. ठेव तूर्त तशीच आहे. “दोन वर्षांनीं पुन्हां विचारीन,” असें त्यानें शेवटीं लिहिलें आहे. भाचीनें मला फोनवर विचारलें, “मामा, तेव्हां काय सांगाल?” मीं म्हटलें, “तेव्हांही आधीं ओळंबा घेऊन जाऊं.”