विश्लेषण : स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला बाजारभाव सांगतो कोण?

कोकणातल्या आंबा बागायतदाराला हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळते ती प्रामुख्याने हवामान केंद्रावरच्या नोंदींवरून. बागेत काय झाले यापेक्षा यंत्राने काय नोंदवले, हे महत्त्वाचे. नोंद चुकली तर निदान दाद मागायला कार्यालय तरी असते. ब्लॉकचेनवरील ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ही अशाच बाहेरच्या नोंदींवर चालते, तिथे मात्र एकदा पैसे सुटले की ते परत फिरवणारे सहसा कोणी नसते.

थेट इंटरनेटवर का पाहत नाही?

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ठरलेली अट पूर्ण होताच आपोआप व्यवहार करणारा प्रोग्राम. तो एकाच वेळी असंख्य संगणकांवर चालतो आणि सगळ्यांचे उत्तर तंतोतंत जुळावे लागते. प्रत्येकाने स्वतंत्रपणे इंटरनेटवर भाव पाहिला, तर क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकड्यांमुळे ते जुळणारच नाही. म्हणून बाहेरची माहिती साखळीवर आणून नोंदवणारा दुवा लागतो. त्याला ‘ओरॅकल’ म्हणतात. ‘चेनलिंक’सारख्या सेवा अनेक स्रोतांचे आकडे गोळा करून त्यांतला मधला आकडा देतात. एखाद्याने खोटे सांगितले तरी तो बाजूला पडतो.

मग गडबड कुठे होते?

मे २०२२ मध्ये ‘लुना’ हे कूटचलन कोसळले. चेनलिंकचा दर सुमारे १० सेंटवर अडकला. बाजारात भाव एका सेंटच्या आसपास होता. ‘व्हीनस’ या कर्ज देणाऱ्या मंचावर जवळपास कवडीमोल लुना दसपट भावाने तारण ठेवून कर्जे उचलली गेली. मंचाला सुमारे १.१ कोटी डॉलरचा खड्डा पडला.

‘मँगो मार्केट्स’चे प्रकरण याहून बोलके. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका व्यापाऱ्याने या मंचाच्या टोकनचा भाव मोठ्या खरेदीने पाहता पाहता कैकपट चढवला आणि त्या फुगलेल्या नफ्याच्या तारणावर सुमारे ११ कोटी डॉलर काढून घेतले. इथे ओरॅकल खोटे बोललेच नव्हते! बाजारात होता तोच भाव त्याने कळवला. बाजारच उथळ होता. स्रोत दहा असोत की शंभर, सगळे एकाच तुटपुंज्या उलाढालीकडे पाहत असतील तर त्यांच्या एकमताला अर्थ काय? ‘कोणावरही विश्वास ठेवण्याची गरज नाही’ ही ब्लॉकचेनची जाहिरात इथे उघडी पडते. विश्वास लागतोच, फक्त तो बँकेऐवजी भाव सांगणाऱ्यावर ठेवावा लागतो.

क्षणिक भावाऐवजी काही काळाची सरासरी घेणे, हा एक उपाय. पण भाव खरोखर कोसळत असताना सरासरी मागे रेंगाळते, म्हणजे पुन्हा लुनाचेच दुखणे. पातळ उलाढालीच्या टोकनवर मोठे कर्जच न देणे, हा साधा नियम जास्त उपयोगाचा.

मँगोच्या त्या व्यापाऱ्याला न्यूयॉर्कमधील ज्युरीने एप्रिल २०२४ मध्ये दोषी ठरवले. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. दोन आरोपांत खटल्याचे ठिकाणच चुकीचे होते. तिसऱ्यात, त्याने मंचाला काही खोटे सांगितले, याचा पुरावा नव्हता.