चोवीस हजारांचा माल, एकोणनव्वद हजारांचा फोन

काय मुलांनो, संपली का सहामाही? पेपर कसे गेले ते मी मुळीच विचारणार नाही, घाबरू नका! आज आपल्याला गणितच करायचंय, पण बिनमार्कांचं.

झालं असं, की मागच्या आठवड्यात आमच्या सातवीच्या वर्गात मी नफा-तोटा शिकवत होते. तेच आपले नेहमीचे आंबेवाले आणि सायकलवाले. तेवढ्यात एका मुलानं हात वर केला. (नाव सांगत नाही, तो हा अंक दर आठवड्याला वाचतो!) म्हणाला, "बाई, मी खरं गणित घालू? २०१७ साली आयफोन टेन आला. आतला सगळा माल चोवीस हजारांचा. आपल्याकडे विकला एकोणनव्वद हजारांना. काढा शेकडा नफा!"

वर्गानं काढला. २७० टक्के! "लूट आहे बाई, सरळ लूट!" पोरांनी बाकं वाजवली.

एक मुलगी मात्र गप्प होती. तिची आई गावात शिवणकाम करते. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, माझ्या आईलापण बायका असंच म्हणतात. कापड दोनशेचं, मग शिलाई साडेतीनशे कशी?"

मुलांनो, खरं सांगते, मला फळ्याकडे तोंड करावं लागलं. कारण दिवाळीच्या आधी मीच तिच्या आईशी अशी घासाघीस केली होती आणि पन्नास रुपये कमी दिले होते. तिनं "बायका" म्हटलं, "तुम्ही" म्हटलं नाही, हा तिचा मोठेपणा.

मग नफा-तोट्याचा धडा राहिला बाजूला. घरी जाऊन मी त्या मुलाचे आकडे तपासले. आणि गंमत म्हणजे ते खोटे नव्हते!

हे आकडे येतात कुठून? नवा फोन बाजारात आला की काही संस्था तो विकत घेतात आणि चक्क उघडतात. स्क्रू काढायचे, डिंकानं चिकटवलेले भाग ऊब देऊन सोडवायचे आणि प्रत्येक चिपवरची बारीक अक्षरं वाचायची. मग हा भाग कुणी बनवला, लाखोंच्या संख्येनं घेतला तर काय भावानं पडेल, याचा अंदाज बांधायचा. आयएचएस मार्किट या संस्थेनं आयफोन टेनच्या सुट्या भागांची किंमत ३७० डॉलर २५ सेंट अशी काढली होती. एकट्या पडद्याचेच ११० डॉलर! तेव्हा डॉलर साधारण ६४-६५ रुपयांना होता, म्हणजे झाले जवळजवळ चोवीस हजार. अमेरिकेतली किंमत होती ९९९ डॉलर, म्हणजे सुमारे साडेचौसष्ट हजार रुपये, तीही तिथला विक्रीकर सोडून. आपल्याकडच्या ८९ हजारांत आयात शुल्क आणि जीएसटी धरलेला होता. म्हणजे आपल्या गणितज्ञाच्या "पासष्ट हजार नफ्यात" सरकारचा करसुद्धा होता. पहिली चूक सापडली!

दुसरी चूक मोठी आहे. ३७० डॉलर ही फोनची किंमत नव्हे, ती सुट्या भागांची किंमत. ब्लाउजच्या भाषेत सांगायचं तर कापड, अस्तर, दोरा आणि हुक. पण हुक काही आपोआप जागेवर बसत नाही.

फोन कसा असावा हे वर्षानुवर्षं डोकं खपवून ठरवणारे अभियंते, आतली प्रणाली लिहिणारे आणि ती पुढे काही वर्षं सुधारत राहणारे लोक, संदेशवहनाचं तंत्र ज्यांनी शोधलं त्या दुसऱ्या कंपन्यांना द्यावे लागणारे पेटंटचे पैसे, विमानभाडं, जाहिरात, बिघडला तर वॉरंटीतली दुरुस्ती आणि दुकानदाराचं कमिशन. यातलं काहीच स्क्रू काढून दिसत नाही. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी तर २०१५ साली सांगितलं होतं, की असे अंदाज वास्तवाच्या जवळपाससुद्धा नसतात. अर्थात, विकणारा असं म्हणणारच! त्यांच्या शब्दावर नको, त्यांच्या हिशेबाच्या वहीवर जाऊ. मोठ्या कंपन्यांना ती जाहीर करावी लागते.

२०१७ च्या आर्थिक वर्षात ॲपलनं २२९ अब्ज डॉलरची विक्री केली. यात फोन, संगणक सगळंच आलं. आपण शेकड्यात पाहू. गिऱ्हाइकांकडून १०० रुपये आले असं धरा. त्यातले साधारण ६१ रुपये ५० पैसे वस्तू आणि सेवा तयार करून देण्यात गेले. ५ रुपये संशोधनात आणि पावणेसात रुपये जाहिरात, पगार, दुकानं अशा खर्चात. मग कर भरून, व्याजाची कमाई मिळवून निव्वळ नफा उरला २१ रुपये.

मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा तो मुलगा जरा हिरमुसला. पण लगेच म्हणाला, "बाई, २१ म्हणजेसुद्धा खूपच की!"

बरोबर आहे त्याचं. खूपच आहे. शाओमी या चिनी कंपनीनं २०१८ साली जाहीर वचन दिलं, की फोन आणि इतर उपकरणांवर आम्ही शेकडा ५ पेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. दोन्ही फोनच, पण फरक केवढा! (ही कंपनी फोनमधल्या जाहिरातींवर आणि इंटरनेट सेवांवरही कमावते बरं का. स्वस्त फोनमध्ये मध्येच जाहिरात का येते, ते आता कळलं ना?) ॲपलला जास्त मिळतात, कारण त्या नावासाठी जास्त मोजायला लोक तयार असतात. किंमत नुसती खर्चावर ठरत नाही. समोरचा किती देईल यावरही ठरते.

आता त्या गप्प मुलीकडे वळू. तिनं विचारलं, "आणि बाई, फोन शिवतं कोण?" शिवतं! वर्ग हसला, पण प्रश्न किती नेमका होता!

याचाही हिशेब सापडतो. २०१० साली टोकियोतल्या आशियाई विकास बँकेच्या संस्थेत दोन अभ्यासकांनी आयफोन थ्रीजीचा हिशेब मांडला होता. त्यातली मेमरी आणि पडदा जपानी कंपनीचा, मुख्य प्रोसेसर कोरियाचा, कॅमेरा आणि संदेशवहनाच्या चिपा जर्मन कंपनीच्या. ते सगळं चीनमध्ये आणून जोडायचं. एकूण खर्च १७८ डॉलर ९६ सेंट. त्यात जुळणीचे किती असतील? वर्गात कुणी पन्नास म्हणालं, कुणी तीस. उत्तर आहे साडेसहा डॉलर! शंभरातले साडेतीनच्या आसपास. तेही कारखान्याला मिळणारे, कामगाराच्या हातात पडतात ते त्याहून कमी. पुढे २०१७ मध्ये आपल्या बेंगळुरूत आणि नंतर चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरलाही आयफोनची जुळणी सुरू झाली.

मुलीनं वहीच्या मागच्या पानावर आईचा हिशेब मांडला. दोरा, हुक, कॅनव्हास, वीज आणि मशीनचं तेल मिळून ४५ रुपये. बेतणं, शिवणं, हातशिलाई, काजं यांचे साडेचार तास. ३५० तून ४५ गेले, उरले ३०५. तासाला साधारण ६८ रुपये. आणि कुणी पन्नास कमी दिले, तर ५७ सुद्धा नाहीत.

शनिवारी मी ते पन्नास रुपये घेऊन तिच्या घरी गेले. तिची आई घेईचना. "अहो बाई, राहू द्या की, मुलीच्या बाई तुम्ही!" शेवटी मशीनच्या खणात ठेवून आले. घरी येईपर्यंत कसंतरीच वाटत होतं, तेही सांगून टाकते.

सोमवारी तो मुलगा पुन्हा हात वर करून उभा. "बाई, मेमरीवाल्याला चोवीस डॉलर आणि जोडणाऱ्याला साडेसहाच का?" मी म्हटलं, मेमरी बनवणारे कारखाने जगात मोजकेच, जोडू शकणारे हात मात्र पुष्कळ. तो म्हणाला, "पण हातांशिवाय फोन होईल का?" घंटा झाली म्हणून मी सुटले!

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आणि हो, घरातली एखादी वस्तू निवडा. चप्पल, कुंचा, पापडाचं पाकीट, काहीही. बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला नीट विचारा, माल केवढ्याचा, वेळ किती लागतो, हातात काय पडतं. मोबाईल मात्र उघडू नका, बाबा ओरडतील! हिशेब आणि उत्तर दोन्ही लिहून पाठवा. चांगली पत्रं मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

तुमची,
बाई