खिंडीतला विक्रम कोणाचा?

मनालीहून मोटारसायकलने लेह गाठणे तरुणांना पराक्रमाचे वाटते; त्यात वावगे काहीच नाही. १७ हजार फुटांहून उंच तांगलांग ला ओलांडताना श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. परंतु त्याच विरळ हवेत झारखंडच्या दुमका भागातून आलेले मजूर महिनोन्‌महिने खडी फोडतात, दरडी उपसतात. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेचा हा मार्ग त्यांच्याच श्रमांवर टिकून आहे. स्वार विक्रम मिरवितो. मजुराची नोंद मात्र हजेरीपटापुरतीच उरते. त्याला पुरेसे वेतन, उबदार निवारा व वेळेवर औषधोपचार मिळतात की नाही, हे पाहणे सरकारचे कर्तव्य होय. साहसाचे कौतुक अवश्य व्हावे. पण वाट घडविणाऱ्या हातांचे ऋण आधी मान्य झाले पाहिजे.