समुद्रातून कोण येणार आहे?

अलीकडे जलपरीला दात फुटले आहेत. हान्स अँडरसनने 1837 मध्ये लिहिलेली, प्रेमापायी जीभ गमावून बसलेली मुकी जलपरी आता कोणाला नको आहे. 2011 च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' चित्रपटात जलपऱ्या खलाशांना भुलवून पाण्याखाली ओढतात. 2015 च्या 'द ल्युअर' या पोलिश चित्रपटात त्या नाइट क्लबात गातात आणि माणसे खातात. मीरा ग्रांट यांच्या 2017 च्या 'इन्टू द ड्राउनिंग डीप' या कादंबरीत तर त्या खोल समुद्रातल्या शिकारी श्वापदांची टोळीच झाल्या आहेत. आमचे तरुण लेखकमित्र हे वाचतात, पाहतात आणि मराठीत तसेच काही लिहू पाहतात. त्यांचे म्हणणे असे की, सोशिक मुक्या बाईपेक्षा चावणारी बाई बरी. भयंकर जलपरी हे स्त्रीचे बंड आहे.

हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. भयकथा लिहू नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. समुद्रातून जे भयंकर येते, त्याला चेहरा कोणाचा दिला जातो?

या साहित्याच्या एका मूळपुरुषाकडेच पाहू. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट याची 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ' ही कथा 1936 मध्ये प्रसिद्ध झाली. समुद्रकाठचे एक पडके गाव. तिथल्या लोकांच्या अंगाला मासळीचा वास, डोळे माशासारखे, चालणे विचित्र. का, तर त्यांच्या पूर्वजांनी समुद्रातल्या जिवांशी सोयरीक केली! गावाचे पुढे काय होते? सरकार धाड घालते, घरे जाळते, लोकांना छावण्यांत डांबते. शेवटी निवेदकाला आपल्याही अंगात तेच रक्त असल्याचे कळते. कथेतले सर्वांत मोठे भय तेच आहे. परक्या वंशांविषयी लव्हक्राफ्टच्या मनात किती घृणा होती, हे आता लपलेले नाही. ती घृणाच या कथेत राक्षसाचे रूप घेऊन येते.

आता ही कथा वरळी कोळीवाड्यात उभे राहून वाचा. तिथेही समुद्रकाठचे जुने गाव आहे, मासळीचा वास आहे आणि भोवती त्या वासाने नाक मुरडणारे शहर आहे. नाक मुरडण्याची ही रीत जुनीच. महाभारतातल्या सत्यवतीचा मासळीचा वास पराशराने घालवला, तिची योजनगंधा केली, तेव्हा कुठे ती हस्तिनापूरची राणी होऊ शकली. याच मत्स्यगंधेवर वसंत कानेटकरांनी 1964 मध्ये नाटक लिहिले. म्हणजे पाण्यातल्या बाईसाठी प्रतिष्ठितांकडे दोनच वाटा आहेत. वास घालवून तिला सुंदर करायचे, नाहीतर दात बसवून भयंकर करायचे. डोक्यावर पाटी घेऊन भल्या पहाटे निघणारी, भावासाठी भांडणारी, हिशेब तोंडपाठ असणारी कोळीण या दोन्ही वाटांवर भेटत नाही. मग बंड कोणाचे झाले?

कोळीवाड्याला समुद्राचे भय ठाऊक नाही काय? रोज होडी लोटणाऱ्याला ते आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कोकणात पाण्याच्या सात आसरा आहेत, माणसाला पाण्यात ओढणारा गिऱ्हा आहे. पण आसरांची ओटी भरतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. त्या भयात नाते आहे, देणे-घेणे आहे. नव्या भयकथेतल्या जलपरीशी कोणाचे काही देणे-घेणे नसते. तिला मारायचे, किंवा तिच्या हातून मरायचे.

वरळीच्या आसपासच्या समुद्राविषयी दोन आख्यायिका सांगतात. वरळीचा बांध घालताना तो पुन्हापुन्हा ढासळत होता. अखेर समुद्रातून महालक्ष्मीची मूर्ती मिळाली आणि बांध टिकला. हजच्या वाटेवर वफात पावलेल्या पीर हाजी अलींचा जनाजा लाटांवर तरंगत याच किनाऱ्याला परत आला. दोन्ही कथांत समुद्र गिळत नाही, तो आणून देतो.

आमच्या वारशातही पाण्यातला माणूस आहे. अद्-दमीरींच्या 'हयातुल हयवान' या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात त्याला 'इन्सानुल मा' म्हटले आहे. त्याचे नावच 'इन्सान' आहे. 'अलिफ लैला'त एका गरीब कोळ्याच्या जाळ्यात समुद्रातला माणूस सापडतो. दोघांचेही नाव अब्दुल्ला. एक फळे देतो, दुसरा त्या बदल्यात मोती-माणके देतो. कोळी समुद्राच्या तळाशी जातो तेव्हा तिथले लोक त्यालाच हसतात, कारण त्याला शेपूट नाही! विचित्र कोण, हे बघणारा कुठे उभा आहे यावर ठरते. पुढे त्यांची दोस्ती तुटते, पण ती दात-नखांमुळे नव्हे. अल्लाहने आपली अमानत परत घेतली की तुम्ही जमिनीवरचे लोक रडता कसे, या प्रश्नावर ती तुटते. ज्याच्याशी वाद घालता येतो, त्याचा राक्षस होत नाही.

आम्ही या विषयावर इतक्या पोटतिडकीने का लिहितो, हे वाचकांना सांगायलाच हवे. जानेवारी 1993 च्या दंगलीत मुंबईत एक अफवा पसरली होती. समुद्रमार्गे शस्त्रधारी मुसलमान येणार, रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर उतरणार! लोकांनी चौपाट्यांवर पहारे बसवले, मोटारींचे दिवे समुद्राकडे वळवून अंधार न्याहाळला. समुद्रातून कोणीही आले नाही. पण त्या रात्री समुद्रातून येणारे भयंकर प्राणी म्हणजे आपण होतो. आपल्यातले रत्नागिरीचे दालदी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात, हे त्या पहारेकऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? आजही मासळी-मटण शिजवणाऱ्याला आणि मुसलमानाला या शहरातल्या अनेक इमारतींत घर मिळत नाही. नाक तेच आहे, भीतीही तीच आहे.

आणि कोळीवाड्यासमोरच्या पाण्यात खरोखर भयावह असे काय उभे राहिले? सागरी किनारा मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना क्लीव्हलंड बंदराच्या तोंडाशी दोन खांबांत 60 मीटरचे अंतर ठेवले होते. एवढ्या अंतरातून उधाणात होड्या खांबांवर आपटतील, असे कोळी बांधव सांगत राहिले. 2021 मध्ये त्यांनी विरोधासाठी होड्या समुद्रात घातल्या, काम रोखले. अखेर डिसेंबर 2022 मध्ये हे अंतर 120 मीटर करण्याचे ठरले. या लढ्यात भय आहे, काळोख आहे, पाणी आहे, बायाही आहेत. त्यावर एकही भयकथा आमच्या वाचनात आली नाही.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे. जरूर भयकथा लिहा, जलपरीही आणा. पण लिहिण्याआधी पाण्याकडे तोंड करून उभे राहा आणि ठरवा, तुम्ही मोटारीचा दिवा वळवणाऱ्यांत आहात की होडीत बसलेल्यांत. ज्यांना एकदा राक्षस ठरवले गेले, त्यांच्या लेखणीने दुसऱ्या कोणाला दात बसवून देऊ नयेत.